आधी नाक, मग मास्क

झोपेत श्वास अडण्याच्या आजारावरचं सीपॅपचं मशीन घरात आलं की सगळ्यांचं लक्ष मशीनकडे लागतं. मास्क बसतो का, पट्टे किती ओढायचे, प्रेशर किती लावून दिलंय, रात्री आवाज येईल का. ज्या वाटेनं ही हवा घशापर्यंत जायची, त्या नाकाची चौकशी मात्र कोणी करत नाही. मग आठ-पंधरा दिवसांत एका रात्री नाक गच्च होतं. माणूस गुदमरून उठतो, मास्क ओढून काढतो आणि सकाळी सांगून टाकतो, ‘हे आपल्याला जमायचं नाही.’ मशीन पिशवीत भरून कपाटावर जातं. घरचे म्हणतात, एवढे पैसे घातले. डॉक्टरांच्या कागदावर ‘पेशंट मशीन वापरत नाही’ अशी नोंद होते. त्या रात्री नाक चोंदलं होतं, ही गोष्ट कोणाच्याच बोलण्यात येत नाही.

ही पुस्तिका त्या एका गोष्टीसाठी काढली आहे. नांदेड-लातूर भागात हे मशीन वापरणाऱ्या आणि वापरायचं सोडून दिलेल्या माणसांसाठी ती आहे. मी डॉक्टर नाही. रोज रात्री मास्क लावून झोपणारा माणूस आहे, आणि ओळखीपाळखीत कोणी मशीन सोडलं असं कळलं की पहिला प्रश्न नाकाचा विचारतो. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

ज्यांच्या हातात ही पुस्तिका पहिल्यांदाच पडली आहे, त्यांच्यासाठी आजाराबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्याकडे घोरणारा माणूस निवांत झोपलेला समजला जातो. दिवसभर राबला, आता गाढ झोप लागली, असं म्हणत घरचे कूस बदलतात. स्लीप अ‍ॅप्नियात प्रकार उलटा असतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, श्वासाची वाट बंद होते. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. असं दहा सेकंद किंवा त्याहून जास्त चाललं की त्याला एक अ‍ॅप्निया म्हणतात. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, मोठ्यानं घोरत श्वास सुटतो आणि पुन्हा तेच. तासाला असे पूर्ण किंवा अर्धवट अडथळे पाचापर्यंत असतील तर फारशी काळजी नसते. पंधराच्या पुढे मध्यम आणि तिसाच्या पुढे तीव्र. तिसाच्या पुढे म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांनी एकदा श्वास अडतो, रात्रभर. त्यातून रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, दिवसा गाडी चालवताना डोळा लागतो.

हा आजार विरळा नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नियमित आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा तो अभ्यास. झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण त्यांच्यात १९.५ टक्के निघालं, आणि त्यासोबत दिवसा पेंग येण्याचा त्रासही असलेले ७.५ टक्के. हे लोक आजारी म्हणून आलेले नव्हते, हे ध्यानात घ्यावं. १५ फेब्रुवारी २०२२ ला संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा रुग्णालयानं मृत्यूच्या कारणात याच आजाराचं नाव घेतलं, आणि पुष्कळ घरांत ते नाव पहिल्यांदा ऐकू आलं.

उपचाराचा इतिहास लहान आहे, आणि तो नाकातूनच सुरू होतो. १९८० पर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा एकच उपाय होता, गळ्याला भोक पाडून नळी बसवायची. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी त्या वर्षी वेगळं करून पाहिलं. हवा फेकणारी मोटर घेतली, नळी जोडली आणि रुग्णाच्या नाकावर बसेल असा मास्क तयार केला. सुरुवातीचे मास्क तर नाकाला सिलिकॉननं रोज रात्री चिकटवावे लागत. हवेचा हलका दाब घशात सतत राहिला की घसा मिटत नाही, एवढंच त्यामागचं तत्त्व. पाच रुग्णांवरचा हा अनुभव एप्रिल १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, आणि त्या लेखाच्या मथळ्यातच हा दाब नाकपुड्यांतून दिल्याचं म्हटलेलं होतं. दाब तरी किती? पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ दहा सेंटिमीटर बुडवून बुडबुडे काढायला जेवढं फुंकावं लागतं, तेवढा. मशीनवर ‘१०’ आकडा दिसतो त्याचा अर्थ हाच. एवढ्याशा दाबाला वाटेत चोंदलेलं नाक आडवं आलं, तर घशापर्यंत पोचेपर्यंत त्यातलं काय उरणार?

नाकाची रचना समजून घेतली की पुढच्या प्रकरणांतले उपाय आपोआप पटतात. आपण श्वास घेतो तेव्हा हवेला होणाऱ्या एकूण अडथळ्यातला निम्म्याहून अधिक एकट्या नाकात होतो. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना पन्हाळीसारखे मांसल उंचवटे असतात. त्यांत रक्ताचं जाळं भरलेलं असतं. ते फुगले की वाट अरुंद, ओसरले की मोकळी. निरोगी माणसातही ही फुगण्या-ओसरण्याची पाळी काही तासांनी एका नाकपुडीतून दुसरीत जाते. योगाभ्यास करणाऱ्यांना ती चंद्रस्वर आणि सूर्यस्वर या नावांनी माहीत असते. जर्मन वैद्य रिचर्ड कायझर यांनी १८९५ मध्ये याच पाळीचं वर्णन केलं. आडवं झाल्यावर डोक्याकडचं रक्त लवकर उतरत नाही, म्हणून दिवसा ठीक असलेलं नाक रात्री जड होतं. कुशीवर झोपलं तर खालची नाकपुडी बंद होते. तेव्हा मास्क लावल्यावर एक नाकपुडी बंद वाटली म्हणून लगेच घाबरून जाऊ नये. दोन्ही बंद असतील, किंवा एकच बाजू कायमची बंद असेल, तर मात्र ते नाक दाखवायलाच हवं.

आता या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती मला उशिरा कळली, आणि कळल्यावर मशीनशी माझं वागणंच बदललं. मास्क नाकावर आहे आणि नाक थोडं चोंदलंय. झोपेत तोंड उघडतं. मशीनची हवा नाकातून आत शिरते आणि घशात न थांबता सरळ तोंडावाटे बाहेर पडते. दाब टिकवण्यासाठी मशीन आणखी हवा ढकलतं. एरवी आपण नाकानं आत घेतलेल्या हवेतला ओलावा बाहेर सोडताना बराचसा नाकातच परत ठेवतो. इथे हवा एकाच दिशेनं वाहत असते, त्यामुळे ओलावा परत मिळतच नाही. नाकाची आतली त्वचा कोरडी पडते, चुरचुरते, आणि स्वतःला वाचवण्यासाठी सुजते. सुजली की वाट आणखी अरुंद, तोंड आणखी उघडं, हवा आणखी जोरात. पहाटे तीनला जो माणूस कोरड्याठाक तोंडानं आणि दगडासारखं नाक घेऊन उठतो, त्याला रात्री झोपताना सर्दी असेलच असं नाही. ती सूज त्या चक्रानं आणलेली असते. सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच १९९६ मध्ये हे मोजून दाखवलं: तोंडानं हवा गळू दिली की नाकातला अडथळा वाढतो, आणि मशीनची हवा कोमट व दमट करून दिली की तो बराच आटोक्यात राहतो. म्हणून मशीनला जोडलेली ती पाण्याची टाकी, जिला दुकानदार कधी कधी ‘नंतर घेतली तरी चालते’ म्हणतो, ती आपल्याकडे पहिल्या दिवसापासून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे म्हणजे मराठवाड्यात. पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या पुस्तकांत जे लिहिलेलं असतं ते आपल्या हवेला लिहिलेलं नसतं. एप्रिल-मे महिन्यांत नांदेडला पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि हवेत ओलावा नावाला उरत नाही. दार-खिडकीत कूलर लागतो. कूलरच्या जाळ्या मागच्या वर्षीच्याच असतील तर त्यांत साचलेली धूळ आणि बुरशी थेट खोलीत येते. माणूस म्हणतो, मशीननं सर्दी झाली. कूलरच्या जाळ्या हंगामाच्या सुरुवातीला बदलल्या, टाकीतलं पाणी रोज बदललं, तरी अर्धं काम होतं. पावसाळा सरता सरता बांधाबांधावर आणि मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत पांढऱ्या फुलांनी भरतं. हे गवत देशात १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आता त्याशिवाय एक शिवार दाखवता येणार नाही. त्याच्या परागांनी शिंका, नाकाला खाज आणि पाणी सुरू होतं.

मग सोयाबीनची रास. मळणीयंत्रातून उडणारी धूळ, लातूरच्या मोंढ्यात पोती रिकामी होताना उठणारा ढग, डाळमिलमधली तुरीची टरफलं. ही धूळ किती दांडगी असते याचा पुरावा बार्सिलोना शहरानं दिलेला आहे. तिथे १९८० च्या दशकात काही ठरावीक दिवशी दम्याचे रुग्ण एकदम रुग्णालयात लोटायचे. शोध घेतला तेव्हा कळलं, बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवलं जातं त्या दिवशी हे होतं. कोठाराला धूळ अडवणारे फिल्टर बसवले आणि ती लाट थांबली. आपल्याकडे रास करणारा माणूस दिवसभर ती धूळ नाकात घेतो आणि रात्री मास्क लावतो. त्यानं रास चालू असताना नाकातोंडाला ओला रुमाल किंवा साधा मास्क बांधावा, घरी आल्यावर आंघोळ करून, नाक धुऊन मगच मशीनला हात लावावा. हळद शिजवून ढोलात घोळणारे अर्धापूर-वसमतकडचे लोक, पिठाची गिरणी चालवणारे, यांनाही हेच लागू. मशीनच्या मागे हवा आत घेण्याच्या जागी एक छोटा फिल्टर असतो. धुळीच्या दिवसांत तो दर आठवड्याला उघडून बघावा. करडा झाला असेल तर बदलावा. आणि मशीन जमिनीवर ठेवू नये. झाडलोटीची सगळी धूळ ते ओढून घेतं. पलंगापेक्षा थोडा बुटका स्टूल सगळ्यात बरा, म्हणजे नळीत साचलेलं पाणी चेहऱ्याकडे येत नाही.

पाण्याचा प्रश्न तर आपल्याकडचा खासच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पाणी घेऊन लातूरला आली, ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगणं जड जातं की मशीनच्या टाकीत रोज डिस्टिल्ड वॉटर घाला, आणि उरलेलं सकाळी ओतून द्या. पण सांगावं लागतं, कारण बोअरचं पाणी काय करतं ते डोळ्यांनी दिसतं. आठवडाभर तेच वापरलं की टाकीच्या तळाच्या पत्र्यावर पांढरट पापुद्रा धरतो. नखानं खरवडला तर चुन्यासारखा निघतो. पत्रा नीट तापत नाही, वाफ कमी होते, आणि त्या खरबरीत थरात जंतूंना घर मिळतं. डिस्टिल्ड वॉटर मिळालं तर उत्तम. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी त्याऐवजी वापरू नये, ते श्वासात जायच्या हिशेबानं भरलेलं नसतं. दुसरं काहीच नसेल तेव्हा आरओचं पाणी उकळून, झाकून गार केलेलं चालवावं. उरलेलं पाणी सकाळी झाडाला घाला, वाया जाणार नाही. टाकी रोज सौम्य साबणानं धुवावी, आठवड्यातून एकदा एक भाग पांढरा व्हिनेगर आणि दहा भाग पाणी घालून थोडा वेळ ठेवावी, आणि सावलीत वाळवावी. आपल्याला सगळं उन्हात टाकायची सवय असते, पण प्लास्टिक आणि सिलिकॉन उन्हानं चिरतं. लाइट गेल्यावर मशीन इन्व्हर्टरवर चालतं, मात्र पाणी तापवण्यातच वीज जास्त जाते. बॅटरी रात्रभर पुरत नसेल तर तेवढ्या रात्रीपुरतं तापवणं बंद ठेवा, मशीन बंद ठेवू नका.

आता घरगुती उपायांविषयी. यावर पुस्तिकेत एक मोठं प्रकरण आहे, कारण आपल्या घराघरांत ते आहेत आणि त्यांतले काही खरोखर कामाचे आहेत. मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, म्हणजे जलनेती, हा त्यांतला सर्वांत चांगला. धूळ, पराग, वाळलेला शेंबूड सगळं निघून जातं. अर्ध्या लिटर पाण्यात साधारण साडेचार ग्रॅम मीठ, आणि पाणी कोमट. पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाचं, बोअरचं, विहिरीचं कच्चं पाणी नाकात कधीच घालू नये. गोड्या पाण्यात राहणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकातून मेंदूपर्यंत जातो आणि त्यातून माणूस क्वचितच वाचतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुईझियानात नळाच्या पाण्यानं नेती करून मृत्यू झाले. अलीकडे केरळात अशा अमीबाचे रुग्ण सापडले आहेत. तेच पाणी पोटात गेलं तर या अमीबाचा धोका नसतो, धोका नाकाचाच असतो. नेती झोपण्याच्या तासभर आधी करावी, म्हणजे उरलेलं पाणी मास्क लावल्यावर घशात उतरत नाही.

ओव्याची पुरचुंडी, कापूर, निलगिरी, बाम यांनी नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. वाटतं, एवढंच. कार्डिफ विद्यापीठात रॉन एक्लिस यांनी मेन्थॉलवर केलेल्या प्रयोगांत लोकांना श्वास मोकळा वाटला, पण नाकातला अडथळा मोजला तर तो होता तेवढाच होता. गारव्याची जाणीव करून देणाऱ्या नसा जाग्या होतात, सूज तशीच राहते. बरं वाटत असेल तर पुरचुंडी हुंगावी, त्यात वाईट काही नाही. बाम किंवा निलगिरीचे थेंब मात्र मशीनच्या टाकीत आणि मास्कवर कधी टाकू नयेत. ती वाफ रात्रभर दाबानं फुप्फुसात जाते. तूप, तेल, व्हॅसलिन नाकात घालून वर मास्क लावण्याचंही तसंच. तेल श्वासात ओढलं जाण्याचा धोका असतो, आणि मास्कची गादीही खराब होते. नस्य ज्यांना वैद्यांनी सांगितलं आहे त्यांनी ते दिवसा करावं आणि मशीनविषयी वैद्यांना आवर्जून सांगावं. वाफारा घ्यायचा तर उकळतं पातेलं मांडीवर किंवा पलंगावर नको. वाफाऱ्याच्या पाण्यानं भाजलेली लेकरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळणारे नाक मोकळं करायचे थेंब हा वेगळाच विषय. ओट्रिव्हिन, नॅसिव्हिऑन ही नावं सगळ्यांना पाठ असतात. दोन मिनिटांत नाक उघडतं, म्हणून ते उशाखाली जातात. तीन ते पाच दिवसांच्या पुढे वापरले की नाक उलटतं. थेंबांचा असर उतरला की आधीपेक्षा जास्त फुगतं, मग पुन्हा थेंब. वर्षानुवर्षं एक बाटली खिशात आणि एक उशाशी ठेवणारी माणसं मला माहीत आहेत, आणि त्यांना मशीन लागू पडत नाही यात नवल काहीच नाही. सर्दीच्या गोळ्यांतली काही औषधं रक्तदाब वाढवतात, झोप उडवतात. स्लीप अ‍ॅप्नियाच्या पुष्कळ रुग्णांना आधीच रक्तदाब असतो, त्यांनी त्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

डॉक्टर देतात तो स्टेरॉइडचा फवारा वेगळा. फ्लुटिकासोन, मोमेटासोन अशी नावं बाटलीवर असतात. स्टेरॉइड म्हटलं की लोक दचकतात, पण त्यातलं रक्तात जाणारं प्रमाण अगदी थोडं असतं. तो लगेच गुण देत नाही. आठवडा-दोन आठवडे रोज वापरावा लागतो, आणि दोन दिवसांत फरक नाही म्हणून टाकून देणारेच जास्त. मारण्याची पद्धतही चुकते. मान मागे टाकून, सरळ वर मारला की औषध घशात जातं. मान किंचित पुढे झुकवावी. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हातानं उजव्या नाकपुडीत मारावा, म्हणजे बाटलीचं तोंड आपसूक बाहेरच्या भिंतीकडे, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेला वळतं आणि मधला पडदा वाचतो. त्या पडद्यावर रोज मारा झाला तर रक्त येतं. मारताना हळूच श्वास घ्यावा, जोरात ओढू नये. हा फवारा अ‍ॅलर्जीची सर्दी असणाऱ्यांच्या कामाचा आहे. मशीन आणलं म्हणून प्रत्येकानं तो घेण्यात अर्थ नाही.

राहिलं नाकाचं हाड. ‘हाड वाढलंय, ऑपरेशन करा, मशीनची गरज नाही’ असं ऐकून आलेले लोक भेटतात. मधला पडदा फारच वाकडा असेल किंवा आत गाठी असतील तर शस्त्रक्रियेनं नाक मोकळं होतं, मशीनचा दाब कमी करता येतो, मास्क सोसवतो. पण निव्वळ नाकाच्या शस्त्रक्रियेनं स्लीप अ‍ॅप्निया सहसा जात नाही, कारण बंद पडतो तो घसा. ही दोन वाक्यं डॉक्टरांसमोर बसताना डोक्यात असू द्यावीत. नाक कोणत्याच उपायानं उघडत नसेल तर तोंड आणि नाक दोन्ही झाकणारा मास्कही मिळतो. तो मोठा असतो, त्याला दाब जास्त लागू शकतो आणि हवा जास्त गळते, म्हणून तो शेवटी पाहावा. चोंदलेल्या नाकावर तोंडाला चिकटपट्टी लावून झोपण्याचे व्हिडिओ हल्ली फिरतात. ते कृपा करून करू नका.

पुढची प्रकरणं याच क्रमानं येतात: हवा, पाणी, धुणं, औषध, मास्क, शस्त्रक्रिया. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही. आज रात्री जे अडतंय तेवढंच पान काढा.

आणि मशीन कपाटावर ठेवलं असेल तर ते विकण्याआधी एकदा नाक दाखवून या. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि गावोगावी कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत. जाताना मास्क, मशीनचं कार्ड आणि नाकात घालत असाल ती प्रत्येक बाटली सोबत न्या. एकाच बाजूनं नाक बंद असेल, रक्त किंवा घाण वास येत असेल, तर वाट पाहू नका. मशीन रात्री निदान चार तास लागलं पाहिजे, जास्त लागलं तर चांगलंच. नाक उघडं असेल तर ते लागतं.